साडेपंधरा आणे

प्रियदर्शनीच्या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तिच्या लग्नाला आठ महिने झाले होते. पशुधन विकास अधिकारी, जिल्हा हिंगोली. पोस्टमननं ते ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि रात्रीच्या जेवणाला तिच्या ताटाशेजारी ठेवत म्हणाले, "चांगलं झालं. पर हिंगोली लई लांब पडती."

नको म्हणाले नाहीत. दिंद्रुडच्या विजयसिंह आबांना नको म्हणायची गरज कधी पडली नव्हती. पंचायत समितीत दहा वर्षं काढलेला माणूस. ते 'बघू' म्हणत. रुजू व्हायची मुदत वाढवून घेतो म्हणाले, बीडला कुणाला तरी फोन लावला. मुदत वाढली, पुन्हा एकदा वाढली, आणि एक दिवस नेमणूकच रद्द झाल्याचा कागद आला. नवरा भागवत म्हणाला, "पुढच्या जाहिरातीला भरू की फॉर्म." भागवत वाईट नव्हता. बापापुढं त्याचा आवाज एक पट्टी खाली यायचा, इतकंच.

प्रियदर्शनी शिरूर कासारच्या एका मास्तरांची लेक. दिवाळी सरली की तिच्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जात आणि बाकं रिकामी पडत. त्या वर्गातून ती एकटी परभणीला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली. वडलांना वाटलं होतं, मोठ्या घरात दिली तर पोरीच्या शिक्षणाची कदर होईल. कदर झाली. पाहुणे आले की आबा सांगत, "आमची सूनबाई डॉक्टर हाय." आणि सूनबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येई.

त्या घरात माणसांच्या खालोखाल मान होता कोंबड्यांना. आबांच्या वडलांनी, थोरल्या आबांनी, असील जातीची कोंबडी पाळली होती. निजामाच्या वेळेला हैदराबादहून आणलेलं बेणं, असं घरात सांगत. रंग याकूब, म्हणजे अंग काळंभोर आणि मानेवर गडद तांबडी झाक. उंच मान, खांबासारखे पाय, आणि डोक्यावर दाबून बसवल्यासारखा बुटका तुरा, वाटाण्याचे दाणे ओळीनं चिकटवावेत तसा. गावरान कोंबड्याचा तुरा करवतीसारखा उभा असतो. असीलाचा तसा कधीच नसतो. थोरले आबा जत्रेत झुंजी लावत. आता झुंजी कायद्यानं बंद झाल्या, पण मान राहिला होता. ज्याला आपलंसं करायचं त्याच्या घरी आबा डालग्यात झाकून एक जोडी पाठवत.

लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. चार दिवसांत अडतीस पक्षी गेले. प्रियदर्शनीनं लस आणली तोवर उशीर झाला होता. उरला एक दोन वर्षांचा कोंबडा आणि गोठ्याकडच्या सहा-सात कोंबड्या, गावरान रक्त मिसळलेल्या, ज्यांना आबा खिजगणतीतही धरत नसत. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. खुराड्यापुढं उकिडवे बसून राहिले. तिला त्यांची दया आली. पुढं कितीतरी वेळा तिला ती दया आठवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पुन्हा उभी ऱ्हाईल का ही जात?"

"हैदराबादहून नवी जोडी आणता येईल, मामा."

"विकतचा बाप आणता येतो का?"

मग तिनं त्यांना समजेल असं सांगितलं. "गोठ्यातल्या ह्या कोंबड्या आठ आणे असील आहेत असं धरा. ह्यांना हाच कोंबडा लावला की पिल्लं बारा आणे होतील. त्यांतल्या माद्या, तलंगा, वाढवून त्यांना पुन्हा हाच कोंबडा. मग चौदा आणे. मग पंधरा. मग साडेपंधरा. वर्षाला एक पिढी."

आबा बराच वेळ बोटांची पेरं मोजत राहिले. मग म्हणाले, "कर. सोळा आणे झालं की तू मोकळी. कुठंबी नोकरी कर, मी आडवा येणार न्हाई. माझा शब्द."

भाकरी वाढत असलेल्या सासूबाईंचा, वच्छलाबाईंचा, हात क्षणभर थांबला. प्रियदर्शनीच्या ते ध्यानात आलं नाही. तिला फक्त चार वर्षं दिसत होती आणि चार वर्षांपलीकडचा दरवाजा. सोळा हा आकडा त्यांनी नेमका उच्चारला होता, आणि गणितात कायम पहिली येणाऱ्या त्या मुलीच्या ते लक्षात आलं नाही.

कामाला ती जीव लावून लागली. कोंबडीच्या पायात रंगीत कड्या घातल्या. खुडूक कोंबड्या हेरून रवणाला, अंड्यांवर, बसवल्या. सातव्या दिवशी अंड्याखाली बॅटरी धरून कुठलं भरलंय ते पाहिलं. पहिल्या वर्षी चौदा पिल्लं जगली. पंधरा-वीस दिवसांनी डोक्यावरचं कळायला लागलं, तेव्हा चार पिल्लांचा तुरा उभा होता.

हे व्हायला नको होतं. असीलाचा दबका तुरा उभ्या तुऱ्याला दडपून टाकतो. बाप शुद्ध असेल तर आई कसलीही असो, पिल्लाच्या डोक्यावर उभा तुरा येत नाही. म्हणजे बाप दुसरा. शेजारच्या वस्तीवरचा एखादा गावरान कोंबडा भिंतीवरून उतरला असणार. एकदा नर लागला की त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, ती हे जाणून होती.

"सिदू, कोंबड्या बाहेर सोडल्या होत्या का?" तिनं गड्याला विचारलं. सिदू पन्नाशीचा, वीस वर्षं त्याच मळ्यावर.

"न्हाई बाई. म्या दार उघडलंच न्हाई."

"मग उभ्या तुऱ्याची पिल्लं कावून निघाली?"

सिदूनं खांदे उडवले. आबांनी ऐकलं. त्यांनी त्याला चार माणसांत बोल लावला आणि खुराड्याकडं फिरकू नको म्हणून सांगितलं. सिदूला कालव्याकडच्या शेतात पाणी द्यायला लावलं.

दुसऱ्या वर्षी प्रियदर्शनीनं वरून-खालून जाळी मारून घेतली, दाराला कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्या कमरेला ठेवली. चिमणी शिरणार नाही असं खुराडं. त्या वर्षी तेरा पिल्लं निघाली. त्यांतल्या दोघांचा तुरा उभा.

ती जाळीच्या आत, भुशावरच बसली. आता एकच अर्थ उरत होता. तो कोंबडा, तो थोरल्या आबांचा शेवटचा सोळा आण्याचा कोंबडा, स्वतःच सोळा आणे नव्हता.

वच्छलाबाई घागर घेऊन पाणी घालायला आल्या होत्या. त्या जाळीबाहेर उभ्या राहिल्या. सुनेच्या हातातलं पिल्लू त्यांनी पाहिलं.

"किती निघाली तसली?"

"दोन," प्रियदर्शनी म्हणाली, आणि मग तिला ते 'तसली' ऐकू आलं. "आत्या, तुम्हाला माहीत आहे?"

वच्छलाबाईंनी मागं वळून ओट्याकडं पाहिलं. ओट्यावर कुणी नव्हतं. त्यांनी घागर खाली ठेवली.

"मी ह्या घरात आले तवा एकोणीस वर्षांची होते. कोंबड्यांचं काम नव्या सुनेकडं. तीन वर्षं झालती, अंडी बसवायची आन् एक पिल्लू निघायचं न्हाई. सगळी एकाच रक्ताची, बापाला लेक, भावाला भईन, कुठून निघंल? पर मोठ्या मामंजींना कोण सांगणार. ते म्हनायचे, हिचा हातच वांझ हाय. मला बी लेकरू नव्हतं तवर. गावभर तेच." त्या जरा थांबल्या. "माहेराहून, धारूरकडून, येताना भावाचा एक कोंबडा आणला, धडप्यात गुंडाळून. बारा दिवस वैरणीच्या खोलीत लपवला. दुपारी सगळी झोपली की कोंबड्या तिकडं न्यायची. त्या वर्षी एकवीस पिल्लं निघाली. मामंजींनी मला जरीचं लुगडं घेतलं."

"आणि उभे तुरे?"

"पहिल्या वर्षी एक बी न्हाई. ती पिल्लं वाढून त्यांची अंडी बसवली तवा निघाली तसली. सकाळी उठून सगळ्यांच्या आधी खुराड्यात जायची, तुरा दिसला की पिल्लू उचलायची. घारीनं नेलं म्हनायची. बेचाळीस वर्षं झाली. कदी दोन निघतात, कदी एक. रवणाच्या दिवसांत मी माहेरी गेले न्हाई कदी. आई गेली तवा बी पिल्लं आठ दिवसांची होती, तिसऱ्याला माघारी आले." त्या जाळीला हात लावून म्हणाल्या, "तू रोज पिल्लं मोजायला लागलीस, वर कुलूप घातलंस, मग माझा इलाजच ऱ्हायला न्हाई."

त्या मिसळीनं जात वाचली होती. धारूरचा तो कोंबडा आला नसता तर ह्या घरचं असील चाळीस वर्षांपूर्वीच संपलं असतं. पण हे कुणाला सांगायचं?

संध्याकाळी ती कालव्यावर गेली. सिदू दारे धरत होता. "सिदू, तुमची चूक नव्हती," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"मग कुणाची व्हती?"

तिला सांगता येईना. सिदूनं फावडं उचललं. "ऱ्हाऊ द्या बाई. हितं वारं चांगलं लागतंय."

तिसरं वर्ष आलं, चौथं आलं. आता सासूऐवजी सून पहाटे उठून उभ्या तुऱ्याची पिल्लं वेचू लागली. मारायला तिचा हात होईना. ती पदराखाली घालून सिदूच्या बायकोकडं, छबुबाईकडं, नेऊन देई. छबुबाईच्या अंगणात ती झपाट्यानं वाढत, भरपूर अंडी घालत. जाळीतल्या पंधरा आण्यांच्या तलंगा मात्र दर वर्षी नाजूक होत चालल्या. कुणाचं छातीचं हाड वाकडं, कुणाची अंडी वांझ. आबा रोज सकाळी येऊन जाळीतून पाहत आणि विचारत, "किती झालं?" जसं कुणी पेरणी किती झाली विचारावं.

मधे तिला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी गेली तीसुद्धा रवणाचे दिवस टाळून. बाजेवर पडल्या पडल्या ती मैत्रिणींचे फोटो बघायची. कुणी लातूरला, कुणी वाशीमला, गाईच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून उभी. मग तिला वाटायचं, आपण सगळं आबांना सांगून टाकावं. शुद्ध असं काही नव्हतंच, मग हा सौदाच खोटा. पण सांगायचं म्हणजे आत्यांना त्या ओट्यावर उभं करायचं. तो विचार तिथंच अडायचा.

लग्नाच्या सहाव्या वर्षी जाहिरात निघाली. अर्जाची शेवटची तारीख महिन्याभरानं होती. प्रियदर्शनीनं चार दिवस वाट पाहिली आणि सकाळी चहाच्या वेळी विषय काढला. भागवत तिथंच होता, वच्छलाबाई चुलीपाशी.

"मामा, जाहिरात आलीय. मी फॉर्म भरते."

"भर की. किती झालं आपलं?"

"साडेपंधरा."

"मग अर्धा आणा ऱ्हायलाय."

"पुढच्या वर्षी पावणेसोळा होतील. त्याच्या पुढं आणखी अर्ध्याचं अर्धं. सोळा कधीच होत नाहीत, मामा. हिशेबच तसा आहे. साडेपंधरा म्हणजे झालंच."

आबांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "तुला हे पयल्या दिवशी ठाऊक व्हतं. मी सोळा म्हनालो तवा तू गप बसलीस. कावून?"

भागवत म्हणाला, "एखादं वर्ष अजून. पोरगी बी लहान हाय."

"मी दिलेला शब्द मोडत न्हाई," आबा म्हणाले. "सोळा झालं की माझ्या गाडीनं सोडायला येतो."

तेव्हा चुलीपाशी वच्छलाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला. "सोळा नव्हतंच कदी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बापाच्या हयातीतच मी त्यात माझ्या भावाचा कोंबडा घातला. पोरीला कावून अडकवता? तिचा काय दोष?"

आणि त्यांनी सगळं सांगितलं. वैरणीची खोली, बारा दिवस, घारीचं नाव. बोलताना त्यांचा आवाज कापत नव्हता. भागवतनं आईकडं असं पाहिलं, जशी ती कुणी अनोळखी बाई असावी. आबा ऐकत राहिले. शेवटी उठले, पायात वहाणा न घालता खुराड्याकडं गेले आणि दुपारपर्यंत तिकडंच राहिले.

प्रियदर्शनीनं सासूचे हात धरले. "आत्या, कशाला सांगितलंत?"

"तू सुटावीस म्हनून," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझं काय आता."

त्या दुपारी प्रियदर्शनीला खरंच वाटलं की आपण सुटलो. तिनं मोबाईलवर अर्ज उघडला, नाव भरलं, जन्मतारीख भरली. मुलीला मांडीवर घेऊन ती कागदपत्रांचे फोटो काढत बसली.

आबांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. एकटीला. ओट्यावर नाही, खुराड्यापाशी.

"हे घराबाहेर जायचं न्हाई," ते म्हणाले. "थोरल्या आबांच्या नावानं मी किती घरी जोड्या दिल्यात, तुला म्हाईत न्हाई. उद्या लोक हसतील. माझ्यावर हसू देत. मेलेल्या बापावर न्हाई."

"मी कुणाला सांगणार नाही."

"ते हाय. पर मला एक सांग. त्या उभ्या तुऱ्याचं बीज काढून टाकता येतं का? समूळ?"

तिनं विचार करायला हवा होता. पण कुणी जनावराचं विचारलं की तिला उत्तर यायचंच. "येतं. उभ्या तुऱ्याच्या कोंबड्यांना एकेक कोंबडा लावून बघायचा. ज्याच्या एकाही पिल्लाला उभा तुरा आला नाही तो साफ. मग त्याच्या लेकींची तशीच पारख करायची."

"किती दिवस?"

"तीन वर्षं तरी."

"हे दुसऱ्या कुणाला करता येईल?"

"कुणीही शिकलेला माणूस करेल. मी समजावून देते..."

"काय समजावशील?" आबांनी विचारलं. "उभा तुरा कुठून आला म्हनून सांगशील त्याला?"

जाळीत म्हातारा कोंबडा धूळ उडवत होता. त्याचा डावा डोळा पांढरा पडला होता. प्रियदर्शनीकडं बोलण्यासारखं एकच होतं आणि ते बोलायचं नाही असं तिनं आत्ताच कबूल केलं होतं. सासूनं तिला सोडवायला तोंड उघडलं, आणि त्यामुळंच आता ह्या कामाला दुसरं माणूस उरलं नव्हतं.

"मग तूच," आबा म्हणाले.

"तीन वर्षं, मामा." ती म्हणाली. "सोळा आणे म्हणणार नाही मी. मी तीन वर्षं म्हणतेय. तीन वर्षांनी जे असेल ते असेल. तुम्ही तसा शब्द द्या."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना बहुधा तिचं कौतुक वाटलं.

"बघू," ते म्हणाले.

त्यानंतर अकरा दिवस त्यांनी बायकोच्या हातचा चहा घेतला नाही. बाराव्या दिवशी घेतला, आणि घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. प्रियदर्शनी छबुबाईकडून उभ्या तुऱ्याच्या नऊ कोंबड्या परत घेऊन आली. छबुबाई म्हणाली, "दिलेलं माघारी नेतात व्हय बाई?" ती खाली मान घालून उभी राहिली. पारखीसाठी सहा नवी खुराडी बांधली, प्रत्येकाला वेगळं कुलूप. अर्जाची शेवटची तारीख गुरुवारी होती. त्या गुरुवारी तिनं दिवसभर पिल्लांच्या डोळ्यांत लसीचे थेंब घातले. संध्याकाळी भागवतनं विचारलं, "फॉर्मचं काय केलं?" ती म्हणाली, "राहिला." त्यानं मान हलवली आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर गेला.

दिवाळीनंतर गेवराईकडचे एक पुढारी आले. पांढरी गाडी, बरोबर दोन माणसं. आबांनी त्यांना जाळीपाशी नेलं आणि एक तरणा कोंबडा काढायला लावला. अंग चकाकतं, मान ताठ. पुढाऱ्यांनी त्याच्या मांड्या चाचपल्या.

"अस्सल ना आबा? हल्ली लई भेसळ हाय. मागं एकानं फसवलं मला."

"सोळा आणे," आबा म्हणाले. "आन् तोंडी न्हाई. सूनबाई."

त्यांनी खिशातून कागद काढला. माजलगावला छापून घेतलेला, वर थोरल्या आबांचं नाव, खाली कोंबड्याच्या कडीचा नंबर आणि एक ओळ: हा पक्षी शुद्ध असील जातीचा असल्याचे प्रमाणित करण्यात येते. त्याखाली रिकामी जागा.

प्रियदर्शनीनं कागद वाचला. त्या कोंबड्याची पारख अजून व्हायची होती. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. तिनं तिकडं पाहिलं तर त्या खाली बघत होत्या. भागवत पेन घेऊन आला.

"डॉक्टरीणबाई म्हनतील ते खरं," पुढारी हसून म्हणाले. "शुद्ध हाय ना?"

सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते. आबासुद्धा, आणि त्यांच्या नजरेत दटावणी नव्हती. थोडी भीती होती.

"हो," ती म्हणाली.

जाळीच्या खांबाला कागद टेकवून तिनं सही केली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या नावाआधी डॉक्टर लिहिलं, अक्षर जरा तिरकं आलं. मग तिनं पुढाऱ्यांना लस कधी द्यायची ते सांगितलं, जंताचं औषध किती थेंब ते सांगितलं, पहिले आठ दिवस कोंबडा वेगळा ठेवा म्हणून सांगितलं. एकानं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. डालगं गाडीत ठेवलं गेलं, गाडी फाट्याकडं वळली.

आबा ओट्यावर जाऊन बसले. प्रियदर्शनीनं कमरेची चावी काढली, खुराड्याला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या जाळीतल्या पिल्लांना पाणी घालायला गेली. त्यांचे तुरे कळायला अजून आठ दिवस होते.